जुन्या पेठेशेजारी मोठी सरकारी इमारत: पहिल्या कागदापासून ताबा घेईपर्यंत काय काय करायचं

जुनी पेठ आणि तिला लागून सरकारची एक-दोन एकर जागा, त्यावर पडीक कचेरी नाहीतर जुनं गोदाम, असं आपल्याकडे जिल्ह्याच्या बऱ्याच गावांत आहे. कधीतरी तिथं मध्यवर्ती प्रशासकीय इमारत मंजूर होते, आणि मग मीटिंगमध्ये सगळी चर्चा एलेव्हेशनवर, म्हणजे दर्शनी भागावर चालते, कमान घ्यायची का, दगडाची क्लॅडिंग कुठली, वर छत्री बसेल का. मला मनापासून वाटतं की ही चर्चा चुकीच्या टोकाने सुरू होते. पेठेचं वाटोळं होतं ते आधी इमारतीच्या आकारमानाने आणि मग तिच्याकडे रोज येणाऱ्या माणसांनी आणि गाड्यांनी, एलेव्हेशनचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून खालचा क्रम तसाच ठेवलाय. आर्किटेक्ट, बांधकाम खात्यातले इंजिनिअर आणि पेठेत राहणारी माणसं, तिघांनाही उपयोगी पडावं असं लिहायचा प्रयत्न आहे.

पायरी १: प्रशासकीय मान्यतेच्या आधी शिरा

सरकारी कामात डिझाइन ड्रॉइंगबोर्डवर ठरतं असं बाहेरच्यांना वाटतं, पण खरं ते प्रशासकीय मान्यतेच्या कागदावर ठरतं. कुठली कुठली ऑफिसं एकत्र आणायची, कोणाला किती चौरस मीटर, एकूण खर्च किती, हे एकदा मंजूर झालं की मागाहून "दोन मजले कमी करा" म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, कारण आकडा बदलला तर फाइल परत वर जाते आणि ते कोणालाच नको असतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे जागेच्या मागण्यांची यादी तपासायची. रेकॉर्ड रूम खरंच इथंच हवी का? सातबारा डिजिटल सहीसकट ऑनलाइन मिळतो, मग त्या खिडकीसाठी दहा वर्षांपूर्वीचा हिशोब का धरलाय? दस्त नोंदणी, जिथं सगळ्यात जास्त गर्दी होते, ती हायवेकडच्या जागेत हलवता येईल का? इथं कमी केलेले पाचशे चौरस मीटर पुढच्या कुठल्याही डिझाइनच्या हुशारीपेक्षा जास्त कामाचे असतात.

पेठेतल्या लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५८ प्रमाणे सरकारच्या स्वतःच्या बांधकामाला खाजगी मालकासारखी परवानगी घ्यायची पद्धत नाही. संबंधित अधिकारी काम सुरू करायच्या निदान ३० दिवस आधी नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे नगरपालिका-महानगरपालिकेला, नकाशांसकट लेखी कळवतो. प्राधिकरण त्यावर हरकत घेऊ शकतं, आणि मग अधिकाऱ्याने एकतर आराखडा सुधारायचा नाहीतर प्रकरण शासनाकडे पाठवायचं. म्हणजे तुमची संधी ही एवढीच, ते ३० दिवस. नगरसेवकाला, नगररचना विभागाला आधीच भेटून ठेवा की असा कागद आला की आम्हाला कळवा, आणि कळवलं नाही तर माहिती अधिकारात मागा. विकास आराखड्यातलं जागेचं आरक्षण बदलून ही इमारत येत असेल तर कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवल्या जातात, त्याची एक महिन्याची मुदत जाहिरातीवर बघून पहिल्याच आठवड्यात लेखी द्या.

जवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल तर आणखी वेगळं प्रकरण. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. शनिवारवाड्याभोवतीच्या वाडेमालकांना हे चांगलंच माहितीय. मुंबईत १९९५ च्या नियमावलीपासून हेरिटेज कमिटी आणि ग्रेड आहेत, ते तपासा. तुमच्या गावात यादीच नसेल तर यादी नाही म्हणजे वारसा नाही असं कृपा करून धरू नका.

पायरी २: पेठ मोजायची, टेप घेऊन

गूगल मॅप आणि ड्रोनचे फोटो यांच्यावर भागवू नका. गल्लीची रुंदी तीन-चार ठिकाणी, ओट्याची उंची, जोत्याची उंची, सज्जा कुठल्या लेव्हलला आहे, पन्हळ किती बाहेर येते, हे सगळं हाताने मोजून काढा. वाड्यात मोजायचं मुख्य माप म्हणजे खण, दोन खांबांमधलं अंतर, साधारण पाच-सहा फुटांचं. पेठेतल्या सगळ्या दर्शनी भागांची लय या खणावर चालते. चाळीस-पन्नास घरांचं मोजलंत की तुमच्या पेठेचा नेमका खण कळतो. समजा तो दीड मीटर निघाला तर ऑफिसच्या कॉलमचं अंतर साडेसात मीटर घ्या, म्हणजे बरोबर पाच खण, आणि खिडक्यांची मांडणी आपोआप पेठेच्या लयीत येते. आठ मीटरचा ग्रिड घेऊन मग दर्शनी बाजूला नकली खांब चिकटवत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आणि खरं.

मापांबरोबर वापर पण नोंदवा. सकाळी सातला गल्लीत काय चालतं, दुपारी, संध्याकाळी, बाजाराच्या दिवशी काय. आणि मुख्य म्हणजे पालखी कुठून जाते, गणपती विसर्जनाची मिरवणूक कुठं थांबते, मोहरमचे ताबूत कुठून फिरतात. ज्या रस्त्यावर मिरवणूक वळते तिथं सरकारी इमारतीचं मुख्य गेट आणि बॅरिकेड आलं तर दरवर्षी भांडण ठरलेलं, आणि त्यात पेठेचंच नुकसान होतं कारण शेवटी रूट बदलला जातो.

पायरी ३: आकारमान मागे सरकवायचं

इथं एक उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे. वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसच्या समोर लाफायेट स्क्वेअर नावाचा चौक आहे, त्याच्या दोन बाजूंना एकोणिसाव्या शतकातली विटांची घरं, शेजारी शेजारी लागून. त्यातलं डिकेटर हाउस १८१८ चं. १९५०च्या दशकाच्या शेवटी सरकारला ऑफिसं हवी होती म्हणून यातली बरीच घरं पाडून मोठ्या आधुनिक इमारती उभ्या करायचा आराखडा जवळपास पक्का झाला होता. राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि त्यांच्या पत्नी जॅकलिन यांनी त्यात लक्ष घातलं, आणि १९६२ मध्ये जॉन कार्ल वॉर्नेकी या आर्किटेक्टने दुसरा मार्ग काढला. पुढची घरं तशीच ठेवायची, ओळीत जिथं मधलं घर गेलंय किंवा भलतंच काही उभं राहिलंय तिथं त्याच उंचीचं नवीन घर भरायचं, आणि मोठ्या इमारती घरांच्या मागे घ्यायच्या. त्या इमारती त्याने पांढऱ्या दगडाच्या न करता लाल विटेच्या केल्या, म्हणजे पुढच्या घरांमागे त्या पडद्यासारख्या राहतील. मागे एका बाजूला दहा मजली न्यू एक्झिक्युटिव्ह ऑफिस बिल्डिंग, दुसऱ्या बाजूला कोर्टाची इमारत. दोन्ही १९६०च्या दशकातच बांधून झाल्या आणि १९७० मध्ये तो सगळा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाला.

यातून उचलायची गोष्ट म्हणजे क्रम: पुढे लहान, मधे मोकळं अंगण, मागे मोठं. पण त्याची कमजोरी पण बघा, कारण ती गणितात पकडता येते. चौकातून बघितलं तर मागच्या विटेच्या इमारती घरांच्या छपरांवर डोकं काढून दिसतात. असं का होतं ते आपल्या मापात मांडतो.

गल्ली ६ मीटर रुंद, पुढच्या वाड्याची उंची ९ मीटर, बघणारा समोरच्या भिंतीला टेकून उभा, डोळा दीड मीटरवर. डोळ्यापासून वाड्याच्या माथ्यापर्यंतची रेघ ६ मीटरमध्ये साडेसात मीटर चढते. नवी इमारत वाड्याच्या दर्शनी भिंतीपासून १२ मीटर मागे असेल तर ती रेघ तिथं २४ मीटरवर पोचते, म्हणजे गल्लीतून २४ मीटरची इमारत पूर्ण झाकली जाते. छान. आता तोच माणूस ४० मीटर लांब चौकात देवळाच्या पायरीवर उभा करा. रेघ एकदम लोळते, आणि त्याच जागी फक्त सव्वाअकरा मीटर झाकले जातात, वरचे पावणेतेरा मीटर उघडे. प्रेझेंटेशनमध्ये नेहमी गल्लीतला व्ह्यू दाखवतात आणि सगळे खूश होतात, म्हणून तुम्ही लांबचे व्ह्यू मागा: चौकातून, पुलावरून, घाटावरून, टेकडीवरून. जागेवर बांबू नाहीतर मचाण उभं करून त्यावर इमारतीच्या माथ्याच्या उंचीला कापड बांधा आणि सगळ्यांना चौकातून बघायला लावा. दोन हजार रुपयांचं काम आहे आणि कुठल्याही थ्रीडीपेक्षा खरं दिसतं.

उलट टोकाचं उदाहरण दिल्लीत आहे. जुन्या शाहजहानाबादच्या अजमेरी गेटपासून जवळच, रामलीला मैदानासमोर, महापालिकेचं सिव्हिक सेंटर २०१० मध्ये उघडलं, २८ मजले, तेव्हा दिल्लीतली सगळ्यात उंच इमारत. इमारत म्हणून चांगली की वाईट तो वाद वेगळा, पण जुन्या शहराच्या कडेला एवढी उंची आली की ती लपवणारी कुठलीच रेघ उरत नाही.

पायरी ४: १५ मीटरचा आकडा

नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये १५ मीटर आणि त्यावरची इमारत हायराइज धरतात. एकदा हायराइज झाली की अग्निशमनाच्या गाडीसाठी भोवती पक्का रस्ता, वळायची जागा, मोकळी अंतरं हे सगळं येतं, आणि यायलाच पाहिजे. पण त्या मोकळ्या जागांमुळे इमारत गल्लीच्या ओळीतून मागे जाते आणि पेठेच्या कडेला कंपाउंड, डांबर आणि पार्किंग उरतं. गल्लीची सलग भिंत तुटते. म्हणून पेठेच्या बाजूचा ब्लॉक १५ च्या आत ठेवा. मजला ३.६ मीटरचा धरला तर तळ अधिक तीन मजले होतात १४.४, जोतं ४५ सेंटिमीटर धरलं तरी १४.८५, बसतंय. अगदीच काठावर आहे, म्हणून तुमच्याकडे लागू असलेल्या नियमावलीत उंची कुठून मोजतात आणि काय वगळतात ते फायर ऑफिसरकडून आधी लेखी घ्या. पेठेला अगदी चिकटून असलेला भाग तर दोनच मजल्यांचा ठेवा. उंच ब्लॉक हवाच असेल तर मुख्य रस्त्याच्या बाजूला.

पायरी ५: ऊन

सावलीचा अभ्यास कोणी करत नाही, आणि तो फुकट होतो. पुण्याच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य साधारण ४८ अंशावर असतो, म्हणजे २४ मीटरच्या इमारतीची सावली उत्तरेला साडेएकवीस मीटर जाते. पण सकाळी नऊला तीच सावली वायव्येकडे पन्नास मीटरच्या पुढे पसरते. तिथं वाडे असतील तर त्यांचा चौक हिवाळाभर सकाळी सावलीत. मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतींना पावसाळ्यानंतर वाळायला ऊन लागतं, ते गेलं की ओल धरते, वाळवी येते, मग तुळई जाते. म्हणजे सावलीचा प्रश्न घर टिकण्याचा आहे. शक्य असेल तर उंच भाग पेठेच्या उत्तरेला घ्या, मग हिवाळ्यात सावली पेठेवर पडत नाही.

पायरी ६: माणसं आणि गाड्या

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. सरकारी ऑफिस म्हणजे फक्त स्टाफ नाही. त्याच्यामागे स्टॅम्प व्हेंडर येतात, टायपिस्ट येतात, झेरॉक्स, वकिलांची टेबलं, चहाची टपरी, वडापावची गाडी, आणि खेड्यातून आलेली माणसं जी साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून दुपारपर्यंत बसून राहतात. या सगळ्यांना सावली, पाणी, संडास आणि टेकायला जागा लागते. प्लॉटमध्ये ती दिली नाही तर ती पेठेतल्या ओट्यांवर मिळवली जाते. सहा महिन्यांत ओट्यावर टेबल येतं, वर्षात ओट्याला शटर लागतं, मग माडीवर वकिलाचं ऑफिस, आणि मालक उपनगरात राहायला. घर उभं आहे पण पेठ गेली. लाफायेट स्क्वेअरला तेच झालेलं दिसतं, घरं वाचली पण आज तिथं ऑफिसं आणि संस्था आहेत, संध्याकाळी दिवा लावणारं घर नाही.

हिशोब असा करा. समजा रोज १२०० लोक येतात, सहा तासांत, प्रत्येकजण सरासरी तासभर थांबतो. एका वेळी २०० आत. सकाळी अकराची गर्दी त्याच्या पावणेदोन पट धरा, ३५०. त्यातले सत्तर टक्के दुचाकीवर आणि दर गाडीमागे १.३ माणूस धरला तर साधारण १९० दुचाकी. मधल्या वाटेसकट एका दुचाकीला पावणेतीन चौरस मीटर लागतात, म्हणजे पाचशे चौरस मीटरच्या वर फक्त येणाऱ्यांच्या दुचाकींसाठी. स्टाफ आणि सरकारी गाड्या वेगळ्या. तुमच्या गावातल्या चालू कचेरीच्या दारात दोन सोमवार उभं राहून हे आकडे मोजा, माझे जसेच्या तसे घेऊ नका. या जागेला तोंड पेठेकडे देऊ नका, ते मुख्य रस्त्याकडेच. पेठेच्या बाजूला फक्त पायी यायचं दार, आणि ते संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर पण उघडं राहिलं तर आतल्या अंगणाचा पेठेतल्या पोरांना उपयोग होतो.

स्टॅम्प व्हेंडर, टायपिस्ट, झेरॉक्सवाले यांच्यासाठी आतच पडवी काढा, किमान तीस-चाळीस टेबलांची, वर छप्पर, विजेचे पॉइंट, भाडं नाममात्र. हे मूळ यादीत लिहून घ्या, नंतर सुचवलं तर "अतिक्रमणाला प्रोत्साहन" म्हणून खोडलं जातं. जनरेटर, एसीचे आउटडोअर युनिट, कचऱ्याची खोली ही पेठेच्या भिंतीला लागून हमखास ठेवतात कारण ती "मागची बाजू" असते. तुमची मागची बाजू ही कोणाचं तरी परसदार आहे, तिथं रात्री माणसं झोपतात.

पणजीत फाउंतेन्यास आणि पाटो यांच्यामध्ये ओरेमची खाडी आहे. पलीकडे पाटोवर सेंट्रल लायब्ररीसारख्या मोठ्या इमारती, अलीकडे रंगीत घरांच्या अरुंद गल्ल्या. पाण्यामुळे आकारमानाला अंतर मिळतं, ही निसर्गाने दिलेली सोय आपल्याकडे क्वचित असते. जिथं ओढा, नाला, जुना तट किंवा झाडांची रांग असेल तिथं ती मधे तशीच राहू द्या, भर घालून पार्किंग करू नका.

पायरी ७: दर्शनी भाग

इथवर सगळं नीट केलं असेल तर हे काम सोपं आहे. जोत्याची आणि सज्जाची रेघ शेजारच्या घरांशी जुळवा, खिडक्या रुंद न करता उभ्या घ्या, दर पंधरा-वीस मीटरला भिंतीत खाच किंवा उंचीत फरक द्या म्हणजे सलग शंभर मीटरचा तुकडा दिसणार नाही. काळ्या दगडाची पेठ असेल तर जोतं खऱ्या दगडात, वर वीट किंवा चुन्याचा गिलावा. पेशवाई कमळ आणि महिरपी सिमेंटमध्ये ओतू नका, शेजारी खरं सागवानी काम असताना ते फार वाईट दिसतं. काचेची भिंत पेठेच्या बाजूला अजिबात नको, दुपारचं ऊन परतवून समोरच्या माडीत जातं.

पायरी ८: खोदकाम

इमारत होते तीन वर्षांनी, वाड्याला भेग पडते पहिल्या महिन्यात. खोदायच्या आधी ३०-५० मीटरच्या आतल्या प्रत्येक घराची पाहणी करा, प्रत्येक भेगेचा तारखेसकट फोटो, मालकाची आणि इंजिनिअरची सही, एक प्रत मालकाकडे. मोठ्या भेगांवर टेलटेल, म्हणजे भेग वाढते का ते दाखवणारी पट्टी लावा. याने दोन्ही बाजूंचं भलं होतं, खरी भरपाई मिळते आणि खोटी मागणी टिकत नाही.

आपल्याकडे मुरूम संपला की काळा पाषाण लागतो आणि कॉन्ट्रॅक्टर ब्रेकर नाहीतर सुरुंग काढतो. मातीच्या जोडकामातल्या भिंतींना ही थरथर सोसत नाही. जर्मन मानक डीआयएन ४१५०-३ मध्ये नाजूक जुन्या इमारतींसाठी पायाशी, कमी फ्रिक्वेन्सीला, सेकंदाला ३ मिलिमीटर ही मर्यादा दिलीय, ती टेंडरमध्ये घाला आणि मीटर शेजारच्या वाड्याच्या पायाशी बसवा. आधी कडेने ओळीने ड्रिल मारून मग केमिकलने दगड फोडायची पद्धत महाग पडते पण शांत आहे. बेसमेंट पेठेच्या बाजूला नकोच, घेतलंच तर एक मजल्याचं आणि हद्दीपासून आत. पाणी उपसताना शेजारच्या आडांची पातळी रोज लिहा.

जमिनीखाली काय आहे तेही विचारा. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या नळाचं जाळं पेठांखालून गेलंय, उच्छ्वासांसकट, म्हणजे हवा जायला ठेवलेल्या तोंडांसकट, आणि स्वारगेटला मेट्रोच्या कामात २०१९ मध्ये जुनं भुयार लागलं होतं. म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुठल्या घरात हौद आहे, कुठल्या बोळात जमीन पोकळ वाजते. मग जीपीआर, म्हणजे जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारने तपासणी करून घ्या.

पायरी ९: टेंडर आणि ताबा

चांगलं डिझाइन टेंडरमध्ये मरतं. चुन्याचा गिलावा, घडीव दगड यांचे दर दरसूचीत सहसा बसत नाहीत, मग "समकक्ष" म्हणून सिमेंट आणि टाइल येते. या बाबींचं दर पृथक्करण, म्हणजे माल-मजुरी मांडून काढलेला दर, आधीच करून तांत्रिक मान्यतेत घाला आणि "समकक्ष" हा शब्द त्या ओळींतून काढा. तीन मीटर बाय तीन मीटरचा नमुना जागेवर बांधून मंजूर झाल्याशिवाय पुढचं बिल नाही, अशी अट घाला. मालाचे ट्रक कुठल्या रस्त्याने आणि किती वाजता येणार हे पण टेंडरमध्येच, नाहीतर गल्लीतली फरशी पहिल्या पावसात उखडते.

ताबा घेताना भेगांची पाहणी परत करायची, त्याच फोटोंच्या जागी उभं राहून, आणि एक पूर्ण पावसाळा गेल्यावर पुन्हा एकदा, कारण बऱ्याच भेगा ओल शिरल्यावरच उघडतात. तोपर्यंत कॉन्ट्रॅक्टरची सुरक्षा ठेव सोडू नका. त्याच वेळी दोन सोमवार परत दारात उभं राहून दुचाकी मोजा, पडवीतली टेबलं भरलीत का आणि पेठेतल्या ओट्यांवर किती आलीत ते लिहा, आणि आकडे जुळत नसतील तर दस्त नोंदणीची वेळ टोकनवर वाटून घ्यायला सांगा, ते एका ऑफिस ऑर्डरने होतं.